डोंगराने खाल्लेला नाश्ता

बंबखान्याच्या दारात पहाटेपासून दोन पांढऱ्या गोष्टी कालवल्या जात होत्या. डावीकडे डेल काका चुना कालवत होता आणि उजवीकडे लव्हॉन मावशी पॅनकेकचं पीठ. दोन्ही पांढरं, दोन्ही दाट, आणि दोन्ही एकसारख्या झाकणाच्या बादल्यांत. कारण आमच्या टॅमरॅक बेंडमध्ये बादली म्हणजे बेकरीतून आलेली आयसिंगची रिकामी बादली. दुसऱ्या कुठल्या बादलीवर गावाचा विश्वासच नाही.

"मावशी, झाकणांवर खूण करू या का?" टॅम्सिनने विचारलं. ती लव्हॉनची भाची, शाळेतली, आणि नुकतंच वादविवादाचं बक्षीस मिळाल्यामुळे जगाला सल्ले देण्याच्या मूडमध्ये.

"खूण कशाला? डावीकडचं डोंगराला, उजवीकडचं पोटाला. गावातल्या कुत्र्यालाही पाठ आहे."

आणि ते खरंच होतं. दर सप्टेंबरात विद्यापीठात नव्याने आलेली पोरं गावामागच्या डोंगरावर खालपासून वरपर्यंत रांग लावतात. बादल्या हातोहात वर जातात आणि उतारावर दगडांनी मांडलेलं टॅमरॅकचं भलंथोरलं 'टी' अक्षर पांढरंशुभ्र होतं. चुना गावाचा, घाम पोरांचा. त्या दिवशी गावातलं कुणी वर पाऊल ठेवत नाही, तो मान नव्यांचा. मग भुकेजलेली पोरं खाली येतात आणि बंबखान्यात गावाच्या हातचे पॅनकेक खातात. "विद्यापीठाला आधी चुना लावायचा, मग खाऊ घालायचं!" असं डेल काका दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी एकटाच हसतो.

यंदा मात्र तोही हसला नव्हता. विद्यापीठात अमेरिकेच्या पूर्वेकडून नवे उपकुलगुरू आले होते, डॉक्टर एल्सवर्थ पिम. उंच, सडपातळ, टाय कायम सरळ. त्यांनी आल्याआल्या मावशीच्या खानावळीत येऊन, कॉफीला हातही न लावता सांगितलं होतं, "बाई, बंबखान्यात स्वयंपाक, शेजारी चुना, उघड्यावर शेकडो मुलं! पुढच्या वर्षीपासून हा नाश्ता विद्यापीठाच्या भोजनगृहात हलवावा असं माझ्या मनात आहे. यंदा मी स्वतः बघतो, मग ठरवू."

मावशी त्या दिवसापासून धड झोपली नव्हती. "लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा निम्मं गाव ट्रकमध्ये खाटा भरून निघून गेलं, टॅम्सिन. जे राहिलं ते विद्यापीठाने हात दिला म्हणून. तुझा बाप तिथल्या बॉयलरवर लागला, माझी खानावळ पोरांच्या भुकेवर तगली. ते उपकार फेडायला आपल्याकडे एकच सकाळ आहे. तीही काढून घेतली तर आपण नुसते घेणारेच राहू की गं!"

म्हणून आजची सकाळ निर्विघ्न पार पडायलाच हवी होती. आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजला.

वसतिगृहात कुणीतरी पाणी न घालता नूडल्स मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या होत्या. हे आमच्याकडे दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात घडतं, जणू प्रवेश परीक्षाच आहे. डेल काका गावाचा बंबप्रमुख, तेव्हा तो चुन्याच्या हातांनीच बंबावर चढला. फाटकातून बाहेर पडता पडता त्याला रस्त्यावर व्हर्ल दिसला. व्हर्ल स्टोकलंड हा डोंगराच्या पायथ्याचा गुराखी-जमीनदार. बोलतो कमी, ऐकतो जास्त, विचारत तर मुळीच नाही.

"व्हर्ल! डावीकडच्या बादल्या तुझ्या गाडीतून डोंगराच्या पायथ्याशी ने!"

"नेतो."

आता मावशी सिरप आणायला खानावळीत गेलेली. टॅम्सिन आत मागच्या बाजूला तव्याखालची शेगडी पेटवत बसलेली. आणि व्हर्ल उभा रस्त्यावर, बंबखान्याकडे तोंड करून. डेल काका आयुष्यभर आतून बाहेर बघत आला. त्याचं डावं ते व्हर्लचं उजवं. व्हर्लने स्वतःचा डावा हात बघितला, त्या बाजूच्या बादल्या बघितल्या, एकेक उचलून गाडीत ठेवली आणि शीळ घालत निघून गेला. झाकण उघडून बघायला तो काय चोर होता?

डोंगरावर पिमसाहेब स्वतः रांगेत उभे राहिले होते. "मीही नवाच आहे," असं म्हणून त्यांनी टाय न काढताच रबरी हातमोजे चढवले होते. शेजारी फ्लोरिडाहून आलेली ओनिका होती. तिने आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर बघितला होता आणि पहिल्याच दिवशी ती त्यावर चढली होती.

"सर, या चुन्याला वास येतोय."

"कसला?"

"माझ्या आजीच्या घरचा. रविवारी सकाळचा."

पिमसाहेबांनी बादलीवर नाक नेलं. "हं. पूर्वी बांधकामाच्या चुन्यात अंडी घालायचे, मी वाचलंय. जुनी पद्धत दिसते. किती जपलंय या लोकांनी!"

एकदा उपकुलगुरूंनीच सांगितल्यावर विचारणार कोण? पोरांनी अंडी घातलेला चुना मन लावून दगडांवर फासला. सप्टेंबरचं ऊन, त्यात गेल्या वर्षीचा चुना धुऊन निघालेले काळे दगड, ते तोपर्यंत चांगलेच तापलेले. 'टी'ची वरची आडवी रेघ आधी फुगली, मग तिला बुडबुडे आले, मग कडेने ती छान तांबूस झाली. आणि असा काही खमंग दरवळ सुटला की गावात लोक खिडक्या उघडून एकमेकांना विचारू लागले, "लव्हॉनने यंदा लवकर सुरुवात केली वाटतं?"

वास व्हर्लच्या गाईंनाही आला. त्यांना उतारावरचे मिठाचे ठोकळे चाटायची सवय. दगड चाटणं हा त्यांचा रोजचा उद्योग. त्या रांगेने आल्या आणि 'टी'च्या दांड्याला खालून लागल्या.

"सर, गाई डोंगर खातायत!"

"शांत राहा," पिमसाहेब हळूच म्हणाले. एक तांबडी गाय त्यांचं मनगट चाटत होती आणि ते हात मागे घेत नव्हते. "कुणी हलू नका. बहुतेक हाही कार्यक्रमाचाच भाग आहे."

इकडे बंबखान्यात टॅम्सिनने, उरलं ते पोटाचं असं समजून, दारातल्या उरलेल्या बादल्या तव्यापाशी आणल्या आणि मावशीने पहिली पळी तव्यावर ओतली. तवा फुसफुसला, तडतडला, आणि पॅनकेकच्या जागी भिंतीचा पोपडा तयार झाला.

मावशीने पळी हुंगली. टॅम्सिनने बादली हुंगली. मग दोघींनी एकदम डोंगराकडे बघितलं. 'टी'चा दांडा गेला होता. नुसती वरची आडवी रेघ उरली होती, तीही भाजलेली. गावाच्या डोक्यावर डोंगर तांबूस मिशी लावून उभा होता.

"डेल!" मावशी ओरडली. डेल काका नुकताच नूडल्स विझवून परतत होता. "तुझा चुना इथे आहे!"

"मग वर काय गेलं?"

"नाश्ता!"

डेल काकाने टोपी काढली. कुणी वारल्यावर काढतात तशी.

पीठ संपलेलं. गावातल्या दुकानातला मैदा आणि अंडी मावशीनेच कालपर्यंत उचललेली. तव्यावर चुन्याचा लेप, तो घासायला दुपार होणार. आणि डोंगरावरून पोरांची रांग खाली वळायला लागलेली.

मावशी उलट्या बादलीवर बसली. "संपलं, टॅम्सिन. पिमसाहेब म्हणतील, बघा, यांना दोन बादल्या सांभाळता येत नाहीत, मुलं काय सांभाळणार? आणि खरंच म्हणतील ते."

"मावशी, ऊठ."

"कशाला?"

"गावात तवा हा एकच आहे का? प्रत्येक घरात चूल आहे, चुलीवर काहीतरी आहे. चार-चार पोरं घराघरांत वाटू या. काका, भोंगा लाव!"

"आग नसताना भोंगा? नियमात बसत नाही गं."

"काका, पोटात लागली ती आग नाही तर काय आहे?"

वादविवादाचं बक्षीस काही उगीच मिळालं नव्हतं. डेल काकाने भोंगा लावला. सगळं गाव पाण्याचे पाइप आणि फावडी घेऊन दारात आलं. मग काका बंबाच्या कर्ण्यावरून गल्लोगल्ली गरजत फिरला, "आग नाही! भूक आहे! पोरं येतायत! घरात जे असेल ते काढा, लाजू नका!"

त्या तासाभरात टॅमरॅक बेंडने जी धावपळ केली ती गिरणीला आग लागली तेव्हाही केली नव्हती. इबारांच्या घरात मक्याच्या पिठाचे, रविवारी करायचे तमाले बुधवारीच वाफेवर चढले. चर्चच्या पास्टरबाईंनी दुपारच्या सभेसाठी केलेला ॲपल पाय कापला आणि सभेला काय सांगायचं ते देवावर सोडलं. शाळेच्या शिपायाने हरणाचं सॉसेज बाहेर काढलं आणि "हे मी स्वतः मारलंय" हे त्याने चारही पोरांना वेगवेगळं सांगितलं. एका आजोबांकडे नुसते कॉर्नफ्लेक्स होते. त्यांनी ते आपल्या लग्नातल्या चांदीच्या वाट्यांत वाढले.

पिमसाहेब मावशीच्याच वाट्याला आले. म्हणजे मावशीने मागून घेतले. "जे व्हायचं ते माझ्या टेबलावर होऊ दे," ती म्हणाली. त्यांच्याबरोबर ओनिका आणि आणखी दोघं होती. मावशीने कालचा रस्सा गरम केला, घरात उरलेली अंडी तळली, पाव भाजला. ती रश्श्यात दुसऱ्यांदा मीठ घालायला निघाली तेव्हा मिठाची बाटली टॅम्सिनने हळूच काढून घेतली.

पिमसाहेब जेवत होते. टाय खिशात गेला होता, केसांत पीठ वाळलं होतं, बाहीवर गाईच्या जिभेची खूण होती. रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला. मग चमचा खाली ठेवून म्हणाले, "बाई, तो चुना नव्हे, पीठ आहे, हे गाई चाटायला लागल्या तेव्हा कळलं मला. मी पुष्कळ विद्यापीठं पाहिलीत. पण आधी डोंगराला घास, मग मुक्या जनावरांना, आणि मग परक्या पोरांना थेट आपल्या चुलीजवळ? असं मी कुठेच पाहिलं नाही. ही पद्धत कधीपासूनची?"

टॅम्सिनने टेबलाखालून मावशीचा पाय दाबला. डोळ्यांनी सांगितलं: शंभर वर्षं म्हण. मावशीने पाय काढून घेतला.

"आज सकाळपासूनची," ती म्हणाली.

पिमसाहेबांच्या भुवया वर गेल्या. मग इतके मोठ्याने हसले की शेजारच्या घरातलं पोर खिडकीतून डोकावलं.

"अहो, खरंच सांगतेय! बादल्यांची अदलाबदल झाली. चुना तव्यावर आला आणि नाश्ता डोंगरावर गेला!"

"वा!" पिमसाहेबांनी डोळे पुसले. "मला आधीच बजावलं होतं, इकडची माणसं स्वतःचं कौतुक करू देत नाहीत म्हणून. पण इतकं?"

तेवढ्यात व्हर्ल दारात आला. टोपी हातात, मान खाली. "लव्हॉन, चूक माझी आहे. गाईसुद्धा माझ्याच आहेत."

"हेही सामील!" पिमसाहेब ओनिकाला म्हणाले. ते उठले आणि त्यांनी व्हर्लचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. "तुमची ती तांबडी गाय, साहेब, काय माणुसकी आहे तिच्यात!"

व्हर्लने मावशीकडे बघितलं. मावशीने टॅम्सिनकडे. टॅम्सिन ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हे बघा," पिमसाहेब पुन्हा बसले. कोपरं टेबलावर टेकून ते मावशीकडे वळले. "मी भोजनगृहाचं म्हणालो होतो, कारण मला वाटलं, गावाला आता हे ओझं झालं असेल. एवढ्या पोरांचं तुम्ही का करायचं? विद्यापीठ या गावाचं पाणी पितं, या गावाच्या रस्त्यांवर चालतं. दोन वर्षांमागे बर्फात वीज गेली तेव्हा आमची मुलं तुमच्या घरांत झोपली, हे मला इथे आल्यावर कळलं. त्याबद्दल आभार मानायला आमच्याकडे एक सकाळही नाही. निदान हा भार तरी उचलू, एवढंच मनात होतं."

मावशीने हातातला पावाचा तुकडा ताटात ठेवला. इतकी वर्षं आपणच देणेकरी म्हणून ती पीठ कालवत आली होती, आणि इथे समोरचा माणूस तेच देणं पाठीवर घेऊन बसला होता.

"भोजनगृहाचा विषय संपला," पिमसाहेब म्हणाले. "नाश्ता तुमचाच. फक्त पुढच्या वर्षी डोंगराच्या आणि गाईंच्या वाट्याचं पीठ विद्यापीठ देईल. आणि पहिली बादली मी स्वतः वर नेईन. चालेल?"

"पण... अक्षर पांढरं करायचं राहिलंय, सर," मावशी कशीबशी म्हणाली. "तो चुना अजून खालीच आहे."

"ते कधी करतात?"

मावशीने टॅम्सिनकडे बघितलं. ओनिकाच मध्ये पडली. "उद्या करू या ना! आणि उद्या तुम्ही सगळे वर या आमच्याबरोबर. म्हणजे अख्खं गाव."

"म्हणजे सण दोन दिवसांचा आहे!" पिमसाहेब थक्क झाले.

मावशीने खरं सांगायला पुन्हा एकदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि स्वतःच्या ताटातलं अंडं उचलून त्यांच्या ताटात वाढलं.