तेरा मिनिटांत सव्वीस दारं

गुन्हे करायला देशातली माणसं पुरतात, पण गुन्हेगारांना कोंडून ठेवायला पुरत नाहीत, अशी वेळ आली की तो देश प्रगत झाला असं समजायला हरकत नाही. जर्मनीतल्या एका राज्याने (नाव सांगत नाही, उगाच कौतुकाने कुणाला अवघडायला नको) ही पायरी अलीकडेच गाठली. तिथल्या न्याय खात्याने परिपत्रक काढलं की यापुढे तुरुंगरक्षक होण्यासाठी नागरिक असण्याची गरज नाही, देशात कायम राहण्याचा परवाना पुरेल. कैदी होण्यासाठी ही सवलत आधीपासूनच होती.

परिपत्रक निघालं तेव्हा वोल्फ्सबुर्गमध्ये शिरीष वैशंपायन चौदा महिने घरी बसून होता. वय सत्तेचाळीस, मूळचा पुण्याचा, एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं टेस्टिंग केलेला. कंपनीने एका मंगळवारी अख्ख्या विभागाला ईमेलवरून निरोप दिला. त्यानंतर त्याने एकशे बारा अर्ज केले. त्यातल्या सत्तर जणांनी खेद व्यक्त केला आणि उरलेल्यांना तेवढीही गरज वाटली नाही. शिरीष रोज सकाळी बॅग घेऊन वाचनालयात जाऊन बसायचा आणि साडेपाचला दमून घरी यायचा. त्याला सगळ्यात जास्त हवी होती ती सकाळी कुणीतरी वाट बघत असलेली जागा.

अटी सोप्या होत्या. जर्मन भाषा बरी असावी, पोटासकट चारशे मीटर धावता यावं, आणि चारित्र्य स्वच्छ असल्याचा सरकारी दाखला असावा. दाखला आठ दिवसांत आला. त्याच्या बायकोने, शैलाने, तो दोनदा वाचला. लग्न ठरवताना आपल्या वडिलांनी कुंडली, पगार आणि चष्म्याचा नंबर विचारला, पण हा कागद मागायचं कुणालाच सुचलं नाही, असं ती म्हणाली आणि तिने तो फ्रिजवर लावला.

अशा रीतीने भारतीय पासपोर्टधारक शिरीषच्या कमरेला सव्वीस कोठड्यांच्या किल्ल्या आल्या. सव्वीसपैकी एकोणीस जण अस्सल जर्मन नागरिक होते. शिरीष सहा महिन्यांहून जास्त काळ पुण्यात आईजवळ राहिला तर त्याचा परवाना रद्द होऊ शकत होता. कैद्यांचं नागरिकत्व मात्र पंधरा वर्षं कोठडीत ठेवलं तरी झिजत नव्हतं. निवडणूक आली तेव्हा टपाली मतपत्रिका शिरीषनेच सही घेऊन एकोणीस जणांना वाटल्या. घरफोडीबद्दल आत असलेल्या हेर (जर्मनमध्ये श्रीयुत) ल्युटकेने, कुणाला मत देऊ, असं त्याला विचारलं. याबाबत मत बाळगण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं शिरीषने प्रामाणिकपणे सांगितलं. (मत होतं. पत्रिका नव्हती.) ल्युटकेला त्याची दया आली.

कामात तो चोख होता. अडचण एकच होती, आणि ती दाराची होती.

संध्याकाळी सहाला कैद्यांना आत घालून दारं लावायची असतात. नियमाप्रमाणे एका दाराला तीस सेकंद, म्हणजे सव्वीस दारांना तेरा मिनिटं. शिरीषला पहिल्या दिवशी एक तास पन्नास मिनिटं लागली. याचं कारण आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. बोलत असलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं नसतं, आणि दाराशी आल्याशिवाय माणूस बोलत नाही. सोफ्यावर दोन तास हवापाण्याच्या गप्पा होतात, चपला घालताना प्रकृतीचा विषय निघतो, आणि ज्यासाठी माणूस आलेला असतो ते त्याला उंबऱ्याबाहेर एक पाय टाकल्यावर आठवतं. तुरुंगातही तसंच झालं. ज्या ल्युटकेने तीन वर्षांत मानसोपचारतज्ज्ञांच्या एक्केचाळीस बैठकांत हवामानाखेरीज काही सांगितलं नव्हतं, तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला की मुलीचं लग्न झालं आणि ते आपल्याला फोटोवरून कळलं. शिरीषला फार वाईट वाटलं. अशा वेळी दार कसं लावायचं, हे प्रशिक्षणाच्या अडीचशे पानांत कुठेच नव्हतं.

विभागप्रमुख फ्राऊ क्र्योगर यांनी त्याला बोलावून घेतलं. सहा महिन्यांची उमेदवारी संपताना चाचणी घ्यायला मंत्रालयाची माणसं घड्याळ घेऊन येतील, तेरा मिनिटांत दारं लागली नाहीत तर नोकरी कायम होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "हेर वैशंपायन, दार लावण्यासाठी असतं," त्या म्हणाल्या. शिरीष "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाला आणि निघताना त्यांच्या दाराशी उभा राहून आणखी दहा मिनिटं बोलला.

घरी सराव सुरू झाला. मुलगी वल्लरी बाथरूममध्ये कैदी म्हणून उभी राहायची आणि कंटाळून म्हणायची, "पापा, माख त्सू." लाव एकदाचं, असा त्याचा अर्थ. शिरीष लावायचा आणि लगेच बाहेरून विचारायचा, आत थंडी तर नाही ना. तीन आठवड्यांत प्रतिदार वेळ सव्वाचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आला. चाचणी पाच दिवसांवर होती. पुन्हा वाचनालयात बसायच्या कल्पनेने त्याला जेवण जाईना, हे शैलाला दिसत होतं.

"अहो," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कुणाकडूनही नऊला निघायचं असलं की तुम्ही सातलाच 'चला, निघतो' म्हणून उठता ना? मग तिथे चारलाच सुरू करा."

दुसऱ्या दिवशी चारच्या कॉफीला शिरीष उठून उभा राहिला आणि म्हणाला, चला, आता दारं लावतो. कैदी चमकले. मग एकेक जण दाराशी आला. कुणाला वकिलाचं आठवलं, कुणाला दाढेचं, कुणाला भावाचं. पावणेसहापर्यंत सव्वीस जणांचं जे काही उंबऱ्यावर बोलायचं होतं ते बोलून झालं. सहाला दारं लागली ती बारा मिनिटं चाळीस सेकंदांत. चाचणीच्या दिवशी दहा सेकंद आणखी कमी झाले, कारण ल्युटकेने आपलं दार स्वतःच ओढून घेतलं.

मंत्रालयाने दखल घेतली. अहवालात या पद्धतीला 'नियोजित पूर्वनिरोप' असं नाव देण्यात आलं. ती सर्व तुरुंगांत लागू झाली आणि त्यासाठी तीन प्रतींत भरायचा फॉर्म निघाला. कैद्याने मन मोकळं केलं का, या प्रश्नापुढे 'होय', 'नाही' आणि 'लागू नाही' असे तीन चौकोन आहेत. शिरीषची नोकरी कायम झाली. पत्र हातात आलं तेव्हा तो पार्किंगमध्ये गाडीत बसून थोडा वेळ रडला.

रविवारी त्याने पुण्याला सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. वासुदेवरावांनी नातेवाइकांत जावई न्याय खात्यात असल्याचं सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पण काय हो ही माणसं. परक्याच्या हातात किल्ल्या? आपल्याकडे देईल का कुणी?"

एवढ्यात तिकडे बेल वाजली. वासुदेवराव उठले, दारातल्या कुणाच्या तरी हातात त्यांनी गाडीची किल्ली आणि फ्लॅटची जादा किल्ली दिली, गाडी सावलीत लावायला आणि ते गावाला गेले की झाडांना पाणी घालायला सांगितलं, आणि दार लावून परत येऊन बसले.

"बाबा, कोण हे?" शिरीषने विचारलं.

"वॉचमन. नऊ वर्षं आहे. अगदी विश्वासू."

"नाव काय त्यांचं?"

वासुदेवरावांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला, मालिनीबाईंना, विचारलं. मालिनीबाईंनी एक नाव सांगितलं, पण ते आधीच्या वॉचमनचं निघालं. तो आसामचा होता का नेपाळचा, यावर दोघांचं थोडं बोलणं झालं. हा कुठला, हा प्रश्न त्यात आला नाही.

वासुदेवरावांना हसायला वाचकांना आमची पूर्ण परवानगी आहे. फक्त त्याआधी गॅलरीत जावं, खाली गेटकडे बघावं, आणि तिथे बसलेल्या माणसाला एकदा नावाने हाक मारावी. आम्ही थांबतो.