घासलेली गाडगी

“इतकी घासाची काय गरज होती गाडग्याईले,” कढईत नीरा ओतता ओतता डोमाजी पुटपुटला. त्याला वाटलं, ते फक्त चुलीला ऐकू गेलं. पण प्रमोदिनीबाई हातभर अंतरावर एरंडीच्या बिया ठेचत बसल्या होत्या.

“काय म्हणालात, डोमाजी?”

“काई नाई बाई. लय चकचकीत झाली म्हनलं.”

बाईंना बरं वाटलं. पाहुणे येणार म्हणून काल दुपारी त्यांनी ती पाचही गाडगी काथ्या आणि राख घेऊन घासली होती. आतून कसला तरी पांढरा थर बसला होता, बाईमाणसाला लाज वाटावी असा. तो खरवडून काढताना दोन नखं गेली. मग गाडगी उन्हात वाळवून डोमाजीच्या स्वाधीन केली, आणि संध्याकाळी त्यानं ती नदीकाठच्या शिंदीच्या झाडांना टांगली. गुरुजींच्या घरून आलेल्या वस्तूला प्रश्न विचारायचे नाहीत, हा त्याचा नेम होता.

बाईंचे यजमान बंडोपंत गुरुजी गावच्या दारूबंदी समितीचे चिटणीस. जिल्ह्यात दारूबंदी आणि गावात गुरुजी, दोन्हींतून सुटका नव्हती. शिंदीच्या झाडाची गोड नीरा पहाटेच काढून तिचा गूळ केला, तर आंबवून शिंदी म्हणून प्यायला काही उरणारच नाही, असा त्यांचा साधा हिशेब. त्याचं आज अंगणात प्रात्यक्षिक होतं. तालुका समितीचे अध्यक्ष सदाशिवराव पहिल्या बसनं यायचे होते. पहिली बस आलीच नाही. दुसरी आली तोवर फाल्गुनाचं ऊन पहाटे उतरवून अंगणात ठेवलेल्या गाडग्यांच्या गळ्यापर्यंत चढलं होतं. आणि अध्यक्षांबरोबर, खास पाहुणे म्हणून, पोलीस ठाण्याचे हरिदास जमादार उतरले.

कढई तापली तसा फेस वर आला. नीरेला फेस येतोच. ठेचलेली एरंडी चिमूटभर टाकली की बसतो. बाईंनी चिमूट टाकली. फेस खाली गेला, आत जाऊन भाऊबंदांना घेऊन आला. बाईंनी मूठ टाकली. डोमाजी झाऱ्यानं फेस काढून बाजूला टाकू लागला, पण एक झारा काढावा तर तीन वर येत. कढई कण्हल्यासारखी आवाज करू लागली.

“डोमाजी, एवढा येतो का हो फेस?”

डोमाजीनं आधी जमादाराकडे पाहिलं, मग आवाज इतका खाली नेला की बाईंना त्याच्या ओठांकडे बघावं लागलं. गाडग्याला आतून चुना लावलेला असतो, तो नीरेला आंबू देत नाही, असं त्यानं सांगितलं. तोच तो पांढरा थर.

“मग कालच काऊन नाही बोललात?” घाबरल्या की बाईंची भाषा डोमाजीच्या भाषेला जाऊन मिळायची.

“मले वाटलं, गुरुजीची नवी पद्धत असंन.”

तेवढ्यात कढईतून वास आला. हा वास त्या ओळखत होत्या. समुद्रपूरकडे आजोळी, बारा वर्षांच्या असताना, मामाच्या शेतावर गोड पाणी समजून त्यांनी शिंदीचे दोन पेले रिचवले होते, आणि मग संध्याकाळपर्यंत बैलाला कविता म्हणून दाखवल्या होत्या. बावीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती. गेल्याच महिन्यात गुरुजींनी शिंदी पिणाऱ्या तीन माणसांची नावं ठाण्यात दिली होती. आता चौथं नाव गुरुजींचंच, जमादार घरबसल्या लिहून घेणार.

गुरुजींना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी राखून ठेवलेल्या गाडग्यातली ताजी म्हणून पाहुण्यांना पेलापेला नीरा दिली. अध्यक्षांनी घोट घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या, तिथे थोडा वेळ थांबल्या आणि खाली आल्या. जमादारांनी पेला संपवला, मिशा पुसल्या, “बरी हाय” म्हटलं आणि पेला पुन्हा पुढे केला. कुंपणापलीकडच्या मनकर्णाबाई मघापासून नाक वर करून उभ्या होत्या. घसा दुखून राह्यला म्हणून त्यांनी लोटाभर मागून नेली, आणि थोड्या वेळानं रिकामा लोटा परत पुढे केला. गुरुजी स्वतःही प्यायले. चहापलीकडे त्यांनी जन्मात काही चाखलं नव्हतं. किंचित आंबूस लागते, जीवनसत्त्वांमुळे असेल, असं त्यांनी सर्वांना समजावून सांगितलं.

पण खरं सांगणार कोण? जो ही चव ओळखणार, त्याला आधी सांगावं लागणार की तो ती कशी काय ओळखतो. अध्यक्षांची भाषणं पंचक्रोशीला पाठ होती. जमादार गणवेशात होते.

बाईंनी मनाशी ठरवलं, सगळी कढईतच जाळून टाकायची. गूळ होणार नाही, नवऱ्याचं हसं होईल, पण नवरा घरी राहील. त्यांनी लाकडं आत सारली. फेस काठावरून उतरला, चूल फुसफुसली, अंगणभर तोच वास पसरला. त्यांनी घरातलं लोण्याचं भांडं आणून अख्खा गोळा कढईत सोडला. फेस घटकाभर दबला. त्यांनी श्वास सोडला.

आणि गुरुजींचे गाल लाल झाले. एकदम उत्साहानं ते म्हणाले की दोन गाडगी अजून भरलेली आहेत, शाळेची मधली सुट्टी होईलच, चौथीच्या चाळीस मुलांना पेलापेला देऊ, पोरांच्या अंगी लागेल. डोमाजी, उचल.

डोमाजीनं गाडगं उचललं, पण त्यात कोणाचं तरी तान्हं बाळ असावं इतक्या सावकाश. त्यानं जमादाराकडे पाहिलं. जमादारानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष कडुनिंबावरचा कावळा निरखू लागले. कुंपणापलीकडे मनकर्णाबाईंनी लोटा पदराखाली घेतला. डोमाजी एक पाऊल चालला, मग दुसरं. फाटकाची कडी वाजली.

“अहो, थांबवा त्याला,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. हात लोण्यानं माखलेले होते, ते कुठे पुसावेत हे त्यांना सुचेना.

“का?” गुरुजी हसत म्हणाले.

“ती शिंदी झाली आहे. गाडग्यांचा चुना मीच घासून काढला. मला तिची चव लहानपणापासून माहीत आहे.” त्यांनी एकदा अंगणभर नजर फिरवली. “आणि इथं तुम्ही एकटे सोडून सगळ्यांनाच माहीत आहे.”