होल्याला न पेललेलं नाव

नाव ठेवण्यात माझा हात धरणारा आमच्या क्लातेन गावात कोणी नाही! नावं ठेवण्यात आहे. ती माझी बायको, तुमिनी. त्यामुळे सासऱ्यांसाठी होला पक्षी आणला, तेव्हा बारसं मीच करणार हे उघड होतं.

सासरे वीर्योबाबा. जन्मभर होले पाळलेला माणूस. अर्धं अंग लुळं पडलं आणि ओसरीवरच्या बाजेला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले होते. "एकदा होला घुमताना ऐकू दे," एवढंच ते अर्ध्या तोंडाने मागत.

मी दणकून नाव ठेवलं, 'क्याई गुंतुर बवाना'! म्हणजे त्रिभुवनात गडगडणारे महाराज. होला मुठीएवढा! त्याने जी चोच मिटली ती उघडेचना. दाणासुद्धा टिपेना.

"नाव जड झालंय त्याला!" तुमिनी कडाडली. "लेकरं नाही का जड नावाने आजारी पडत? बदला आधी!"

"मग काय ठेवू?"

"स्लामेत. निदान सुखरूप तरी राहील!"

आजारी पोरांना आमच्याकडे हेच नाव देतात. समोरचे स्लामेतकाका त्यातलेच. काळजाचे जुने रोगी.

नाव बदललं आणि होला घुमला! एकदाच. बाबांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी ओघळलं. दुसऱ्या सकाळी बघतो तर पिंजऱ्यात पाय वर!

मी अंगणात येऊन बोंब ठोकली, "तुमिनी, आपला स्लामेत गेला गं!"

नेमके तेव्हाच मशिदीचे मुख्लासकाका सायकलवरून चालले होते. त्यांनी सायकल तशीच माघारी वळवली. मी चप्पल शोधेपर्यंत स्लामेत गेल्याचा भोंगा सुरू! बायका मयताच्या घरी द्यायचे तांदूळ घेऊन निघाल्या, कोणी कफनाचं कापड आणलं. काकांच्या दारात ही गर्दी. इतक्यात दात घासत काकाच बाहेर आले!

"कोण गेलं रे?"

"तुम्ही!" कोणीतरी रडत सांगितलं.

काका मटकन पायरीवर बसले. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी ब्रश फेकला तो माझ्या कपाळावर.

"माझं नाव पाखराला दिलंस? आणि वर मारलंसही?"

बाबांना मात्र आम्ही काहीच कळू दिलं नाही. मी मागच्या दाराआड उकिडवा बसलो आणि घुमायला लागलो. अगदी हुबेहूब! बाबांनी डोळे मिटून कान दिला. बराच वेळ ऐकलं. मग तुमिनीला जवळ बोलावलं.

"जावईबापूंना म्हणावं, पुरे आता," ते पुटपुटले. "घसा बसेल त्यांचा."

त्या दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

मी धावत मशिदीत गेलो. "मुख्लासकाका, आमचे बाबा गेले!"

"आता बाबा कोण? पोपट?"

"सासरे हो!"

त्यांचा विश्वास बसेना. सोबत घरी आले. बाबांचं मनगट हातात धरून बसून राहिले. मग तुमिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली मान घालून परत गेले.

थोड्या वेळाने भोंगा खरखरला. "वीर्योबाबा वारले." मग ते खाकरले. "मी स्वतः खात्री केली आहे. माणूसच आहे. सर्वांनी यावं."

सगळे आले. जनाज्याला पहिला खांदा स्लामेतकाकांनी दिला. माझ्याशी मात्र ते अजून बोलत नाहीत.