उधळलेल्या कौलाची हकिकत

श्री वंदून, मग लेखणीस वंदून, जी चालली तर न्याय आणि थांबली तर संयम, त्या लेखणीने लिहिले ऐसे जे: शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरी एक राज्य होते, त्याचे नाव कोणी पुसू नये. तेथे न्यायाधीश त्र्यंबकपंत विराजत होते आणि त्यांचा लौकिक ऐसा की वादी रडो की प्रतिवादी रडो, पंत निकाल देत नसत. "संयम हेच न्यायाचे भूषण," ऐसे वदत आणि विडा तोंडात घालीत. त्याच कसब्यात ठकूबाई कासारीण, साऱ्या लेकीबाळींस लग्नचुडा भरणारी, आणि सगुणाबाई ऐशा दोघी एका चुलीवर वीस वर्षे नांदत होत्या. मग सगुणाबाईंस ज्वर जडला आणि त्यांस राजवैद्यांचे औषधशाळेत नेले, आणि तेथील शिरस्ता ऐसा की दुखणाइतापाशी लग्नाचे माणसावाचून कोणी बसू नये. ठकूबाई सात दिवस पायरीवर बसल्या आणि आठवे दिवशी कचेरीत येऊन म्हणाल्या, "पंत, आमचं लग्न दप्तरात लिहा. ती पाणी मागते, ते मला बाहेर ऐकू येतं." कायद्यात लग्न म्हणजे 'दोन माणसांचा संसार' इतकेच लिहिले होते, हे पंतांस ठाऊक होते. त्यांनी लेखणी बुडविली आणि झटकून ठेविली. "बाई, एवढी थोर गोष्ट मी एकट्याने कशी करावी? रयतेस पुसू."

त्या राज्याची चाल ऐसी की रयतेचा कौल अक्षतांनी घेत. दर असामीस कुंकवाच्या अक्षतांची एक मूठ, पंतांसही एक, आणि चावडीपुढे दोन घंगाळे, होकाराचे आणि नकाराचे. सगुणाबाईंस डोलीतून आणविले आणि ठकूबाई शेजारी उभ्या राहिल्या. असले कोठे असते काय, ऐसे कित्येक कुजबुजत होते, आणि त्यांच्याच सुनांचे हाती ठकूबाईंनी भरलेले चुडे वाजत होते. मग रिवाजाप्रमाणे सनई झडली आणि दवंडीवाल्याने आरोळी दिली, "रयतहो, सावधान!" जन्माची सवय ती, सनईवर सावधान ऐकताच हजार हात वर गेले आणि हजार मुठी अक्षता त्या दोघींचे मस्तकी पडल्या, कुजबुजणारांच्याही पडल्या. सगुणाबाई डोलीत हसल्या. घंगाळे रिकामी राहिली, आणि भोजन लांबल्याने मागाहून आलेल्या सात असामींनी मात्र नकाराचे घंगाळी नेमाने अक्षता टाकिल्या. दवंडीवाला पुसता झाला, "सरकार, डोक्यावर पडल्या त्या कोणीकडे धरायच्या?" ठकूबाई पंतांकडे पाहत होत्या. पंत जमिनीकडे पाहून वदले, "घंगाळात पडला तोच कौल. बाकीच्याचा अर्थ लावणे न्यायाधीशाचे काम नव्हे." मग सातास शून्य ऐसे जाहीर झाले, डोली परत गेली आणि ठकूबाई केसांत अक्षता तशाच घेऊन पायरीवर जाऊन बसल्या.

पंत घरी आले आणि पत्नी अन्नपूर्णाबाई हातांवर पाणी घालू लागल्या, तो उजवा तळवा कुंकवाने लाल. "इकडून कोणाच्या लग्नास जाणं झालं होतं?" त्यांनी पुसले. पंतांनी मूठ मिटली.

सारांश, रयतेने लग्न लाविले, न्यायाने संयम राखिला, आणि सगुणाबाईंनी तिसरे दिवशी पाणी मागणे सोडिले. येथे ही लेखणी थांबली, तो मात्र संयम नव्हे.