गनीभाईंची छत्री

"आख्ख्या जन्मात दिशा चुकलेला नाय मी!" असं गनीभाईंनी साऱ्या मोहल्ल्याला ऐकवलं आणि छत्री बरोब्बर उलट्या दिशेला लावली!

जहाजावर सुकाणू धरण्यात त्यांची उमर गेलेली. आता केबलवाल्याने मोडीत काढलेली जाळीची भलीमोठी छत्री आणि मुंबईहून आणलेला डिजिटल बॉक्स जोडून ते रविवारची विश्वचषकाची फायनल सगळ्यांना फुकट दाखवणार होते.

"गनीभाय, छत्री पूर्वेकडे लावतात ना?" शेजारच्या दादूने विचारलं.

"सिग्नल समुद्राकडूनच येतो! तू मला शिकवतोस?" गनीभाई स्लॅबवरून गरजले.

खाली त्यांची बायको हफीजाचाची रिमोट घेऊन बसलेल्या. पडद्यावर चॅनल शोधणारी पट्टी गाभण म्हशीसारखी सरकत होती.

"आलं काय?"

"नाय!"

"आता?"

"एक पण नाय!"

"आता?"

खालून आवाजच येईना. गनीभाई धावत खाली आले. पडद्यावर एक निवेदक अरबीत बातम्या देत होता आणि मागे धूर दिसत होता.

"हात लावू नका!" हफीजाचाची ओरडल्या. "ते बघा गोळेवाले मनोरे! तिथंच अनसनं फोटो काढलेला!"

अनस त्यांचा एकुलता मुलगा, कुवेतला ड्रायव्हर. शेजारी इराकात युद्ध पेटलं होतं आणि तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. चाचींना अरबी बातम्यांतलं अक्षरही कळत नव्हतं, पण त्या पडद्यासमोरून हलल्या नाहीत. तिथल्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी निरखून बघायच्या. चुलीवरचा भात दोनदा करपला. गनीभाई करपलेलाच जेवले.

रविवारी मात्र दुपारी मोहल्ला घरात घुसला. "चाचा, मॅच लावा!" आमंत्रण स्वतःच दिलेलं! गनीभाई पाना घेऊन स्लॅबवर चढले आणि छत्री पूर्वेकडे वळवू लागले. खाली हिरवंगार मैदान उमटलं. सगळे किंचाळले, "आलं! आलं!"

त्या सगळ्यांवर ताण करून चाची ओरडल्या, "नाय आलं! फिरवा पुढं!"

गनीभाईंनी उभ्या जन्मात दोघांचाच हुकूम मानलेला, कप्तानाचा आणि बायकोचा. फिरवली! मैदान गेलं. पुन्हा आलं. पुन्हा "फिरवा!" शेवटी मंडळी शिव्या घालत दुसऱ्या घरी पळाली.

"चाची, मॅच लागली होती की!" दादू म्हणाला.

"माझा पोर लागला नव्हता," चाची म्हणाल्या.

जिन्यात उभ्या गनीभाईंनी ते ऐकलं. तसेच मागे फिरून त्यांनी छत्री समुद्राकडे वळवली. पण बोटभर इकडे, बोटभर तिकडे करूनही ते मनोरे काही सापडेनात. तिकडे आपण फायनल हरलो. मोहल्ल्याने त्याचंही खापर गनीभाईंच्या छत्रीवर फोडलं!

सोमवारी सकाळी फोन वाजला. अनस! "अम्मी, मी बरा हाय. पण सगळ्यांची रजा रद्द झाली. ईदला येणं नाय." चाची कशीबशी "जेवतोस ना?" एवढंच विचारतात तोवर लाइन कटली.

गनीभाईंनी अल्लाचे आभार मानले, डोळे पुसले. बघतात तर चाची पुन्हा रिमोट घेऊन टीव्हीसमोर!

"अगो, आता कशाला? फोन आला ना?"

"आवाज आला," चाची म्हणाल्या. "तोंड कुठं दिसलं?"

गनीभाईंनी पाना उचलला, स्लॅबवर गेले आणि आता नक्की काय शोधायचं ते न कळल्यामुळे छत्रीच्या सावलीत नुसतेच बसून राहिले!