गाडीखालची पाटी

वळणावरच्या खड्ड्यात शेजाऱ्यांच्या गाडीचा ऑइल चेंबर फुटला, तेव्हा सगळ्या गल्लीला वाईट वाटलं. जावईबापूंना मात्र स्फुरण चढलं. ते विमा कंपनीत होते, लोकांचे दावे नामंजूर करणं हे त्यांचं काम. त्यामुळे दुसऱ्याचं नुकसान दिसलं की त्यांची बुद्धी आपोआप तरतरीत व्हायची.

"आपल्या गाडीला खालून जाड पत्रा लावायचा," त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं.

"मेकॅनिक तयार प्लेट बसवून देतो म्हणाला होता की," बायको म्हणाली.

"तो कशाला? चार बोल्ट पिळायला काय अक्कल लागते?"

बायकोने वर माळ्याकडे पाहिलं. अशाच बिनअकलेच्या कामात दुरुस्त झालेला मिक्सर वर्षभर माळ्यावर विश्रांती घेत होता.

गाडीच्या शेडमध्ये कपाटामागे चादरीत गुंडाळलेला एक पत्रा होता. चांगला जाड, गंजाचा ठिपका नाही, आणि चारी कोपऱ्यांना भोकं तयार! आता हा पत्रा म्हणजे सासऱ्यांच्या दवाखान्याची पाटी होती, ही किरकोळ अडचण. सासरे निवृत्त दंतवैद्य. दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला आले, तेव्हा अवजारांची पेटी आणि ही पाटी एवढंच त्यांनी बरोबर आणलं होतं. पांढऱ्यावर निळी ठसठशीत अक्षरं: 'दंतवैद्य. दात न दुखवता काढले जातील.' खाली सासऱ्यांचा मोबाइल नंबर. म्हाताऱ्याचा त्या पाटीवर फार जीव होता.

"आता कुठे दवाखाना आहे?" जावईबापूंनी स्वतःलाच विचारलं, आणि स्वतःशी त्यांचं लगेच एकमत झालं. तरी मनात थोडी भीती होतीच. म्हणून अक्षरं इंजिनाकडे वर आणि कोरी बाजू रस्त्याकडे, अशी त्यांनी पाटी चढवली. बोल्ट दोन जागी बसले, उरलेल्या दोन जागी तार गुंडाळली.

पहिल्याच दिवशी गाडी भांड्यांच्या दुकानात बैल शिरल्यासारखी वाजायला लागली. मग पत्रा आणि गाडी यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवं, म्हणून बायकोची व्यायामाची चटई कापून आत कोंबली. आवाज थांबला आणि धूर सुरू झाला.

"अहो, काहीतरी जळतंय!"

"पुढच्या ट्रकचा वास आहे."

"पुढे सायकल आहे."

चटई सायलेन्सरला चिकटली होती. ती खरवडून काढल्यावर पत्रा सायलेन्सरपासून लांब हवा हे शास्त्र जावईबापूंना उमगलं. त्यांनी लांब बोल्ट आणले, वॉशरांच्या चळती रचल्या, आणि पत्रा चांगला चार बोटं खाली लोंबायला लागला. आता गाडी खड्ड्यात तर घासायचीच, पण जिथे कधीही, कुणाचंही, काहीही घासलं नव्हतं अशा सपाट रस्त्यावरही घासायला लागली. गतिरोधकावर तर ठिणग्या उडायच्या.

"बघितलंस?" प्रत्येक दणक्याला जावईबापू अभिमानाने मान वळवायचे. "हा मार इंजिनाला बसला असता!"

"आधी बसत नव्हता."

"तुला दिसत नव्हता."

दणका बसला की ते दात आवळायचे, आणि आवळून आवळून त्यांची उजवीकडची दाढ ठणकायला लागली. पण घरात दंतवैद्य असून त्यांनी ती लपवली. कारण नेमकं तेव्हाच सासऱ्यांनी विचारलं होतं, "जावईबापू, माझी पाटी कुठे दिसत नाही हो?"

"असेल की, बाबा. अगदी सुरक्षित असेल."

"खोलीत लावीन म्हणतो. फोन वाजत नाही, कुणी येत नाही... निदान पाटी तरी समोर असावी." म्हातारा एवढंच बोलला आणि शेडमध्ये जाऊन पुन्हा कपाटामागे वाकून बघायला लागला. बायकोला भडभडून आलं. जावईबापूंनासुद्धा वाईट वाटलं. रविवारी पाटी काढून, पुसून जागेवर ठेवायची असं त्यांनी मनाशी नक्की केलं.

रविवार उजाडायच्या आत सासऱ्यांना चष्म्याच्या दुकानात न्यायची वेळ आली. सासरे पुढे बसले, बायको मागे. वळणावर तो खड्डा आला. जावईबापूंनी दात आवळले. दाण्‌कन आवाज झाला, काहीतरी खरखरत मागे गेलं, आणि गाडी एकदम हलकी झाली.

"काहीतरी पडलं!" सासरे दार उघडून उतरलेसुद्धा.

"बाबा, राहू द्या! कचरा असेल!" जावईबापू मागे धावले. पण अक्षरं वर ठेवण्याची हुशारी आता अंगाशी आली होती. पाटी खड्ड्यावर झाकणासारखी चपखल बसली होती, आणि सगळ्या रस्त्याला वाचता येईल अशी आभाळाकडे बघत होती: 'दात न दुखवता काढले जातील.'

सासऱ्यांनी पाटीकडे पाहिलं. मग गाडीखाली लोंबणाऱ्या तारेकडे. मग जावयाकडे. जावईबापूंची दातखीळ बसली.

"अगदी सुरक्षित, नाही का?" सासरे म्हणाले.

तेवढ्यात मागून एक टेम्पो पाटीवरून अलगद गेला. "वा! कोणी झाकला हो हा खड्डा? भलं होवो त्याचं!" ड्रायव्हर ओरडला. त्यामागची रिक्षा पाटी वाचायला थबकली. जावईबापू पाटी उचलायला वाकले, तोच सासऱ्यांच्या खिशातला फोन वाजला.

"हो, मीच," सासरे म्हणाले. "कुठली दाढ? हो, हो, बघतो ना! या की." फोन ठेवून ते जावयावर खेकसले, "हात लावू नका पाटीला! दवाखान्यावर होती तेव्हा लोक बघायचेसुद्धा नाहीत. इथे थांबून वाचतायत!"

आठवडाभरात शेडमध्ये खुर्ची, दिवा आणि अवजारांची पेटी थाटली गेली. सासरे शीळ घालत हात धुवायला लागले. पाटी तिकडे खड्ड्यावरच, आणि गाडी अर्थात बाहेर, उन्हात. पाटीची चोरी पचली, उलट पुण्य पदरात पडलं, अशा खुशीत जावईबापू गालावर हात ठेवून शेडमध्ये शिरले. ठणका आता सोसवत नव्हता.

"बसा. आ करा." सासऱ्यांनी पेटीतला सगळ्यात मोठा चिमटा निवडून उजेडात धरला. "हं. काढावीच लागेल."

"बाबा, दुखणार नाही ना? तुमच्या पाटीवर तर लिहिलंय..."

"लिहिलंय ना," सासरे प्रेमाने म्हणाले. "पण पाटी कुठे आहे, जावईबापू?"