हजार डोळ्यांचा वाटा

एका जंगलात, बाळांनो, वीज अजून पोचली नव्हती, पण जाहिरात पोचली होती. त्या जंगलात एक सुगरण राहायची. तिची अंडी घालायची वेळ आठ दिवसांवर आली होती आणि खोपा अजून अर्धासुद्धा विणून झाला नव्हता.

अशात मुंगूसरावांनी वडाखाली एक पार बांधला. पारावर कुणीही चढावं, आपली करामत दाखवावी, बाकीच्यांनी बघावं. मधेच अस्वलशेठ उठून "मध घ्या, मध" असं ओरडणार आणि बघणाऱ्या दर डोळ्यामागे मुंगूसरावांना ज्वारीचा एक दाणा देणार.

"यातला निम्मा वाटा करामत दाखवणाऱ्याचा," मुंगूसराव सुगरणीला म्हणाले. "फक्त हजार डोळे जमवा. आणि या पानावर चोच उमटवा."

सुगरणीनं पटकन चोच उमटवली. पानावर काय लिहिलंय ते वाचायला वेळ कुणाला होता? तिनं अर्धवट खोपा उचलून पारावरच्या फांदीला टांगला.

पहिल्या दिवशी सात डोळे जमले. सातच, कारण कावळा काणा होता.

"घाबरू नका, वाढतील," मुंगूसराव म्हणाले. "पण खोपा पुरा करू नका हं. पुरा झाला तर उद्या कोण बघायला येईल? संध्याकाळी उसवायचा, सकाळी परत विणायचा."

सुगरणीचा नवरा हबकला. "अगं, अंडी काय हवेत घालणार आहेस?"

"अहो, वाटा मिळाला की दुसऱ्याकडून खोपा विणून घेऊ," ती म्हणाली. जंगलात दुसरं कुणाला खोपा विणता येत नाही, हे तिला सुचलंच नाही. हसू नका रे, मोठ्यामोठ्यांना सुचत नाही.

बघता बघता सगळं जंगल पारावर चढलं. सशानं गाजर खाऊन दाखवलं. कासवानं झोपून दाखवलं आणि ते तर तुफान चाललं. तू माझं बघ, मी तुझं बघते, असं सगळ्यांचं ठरून गेलं. चरायला कुणी जाईना.

आठव्या दिवशी सुगरणीचे हजार डोळे भरले. ती नाचतच मुंगूसरावांकडे गेली. त्यांनी शांतपणे पान काढलं.

"वाचा."

तिनं वाचलं. 'हजार डोळे झाल्यावर वाटा तुमच्या.'

"तुमचा, असं हवं ना?"

"लेखी आहे, बाई. तुमच्या. ही वाट ओढ्याकडे जाते, ती डोंगराकडे. दोन्ही तुमच्या. हवी ती धरा."

सुगरणीला रडूच फुटलं. आठ दिवस वाया गेले होते, खोपा उसवलेला होता आणि अंडी तर आजच यायची होती. तिचं रडणं ऐकून सारं जंगल धावलं. असा जमाव पारानं कधी पाहिला नव्हता. अस्वलशेठचा घसा बसला.

मुंगूसराव विरघळले. जिभल्या चाटत म्हणाले, "रडू नका. अंडी इथेच घाला, पारावर, सगळ्यांसमोर. नवीन करार करू."

त्यांनी ताजं पान आणलं. सुगरण आता शहाणी झाली होती. तिनं एकेक अक्षर वाचलं. 'निम्मी अंडी तुमची.' लिंग बरोबर होतं, वचन बरोबर होतं, वेलांट्यासुद्धा जागच्या जागी होत्या. तिनं समाधानानं चोच उमटवली.

नवरा धापा टाकत आला. "अगं, सगळीच आपली होती ना?"

"हो," सुगरण डोळे पुसत म्हणाली, "पण ती लेखी कुठे होती?"

तात्पर्य: करार करताना व्याकरण नीट तपासून घ्यावे. मग फसवणूकसुद्धा शुद्ध होते.